आउटलेट कधी पास, कधी नापास: शेवाळ बदलण्याआधी हे तपासा

कारखान्याच्या सांडपाण्यातले धातू काढण्यासाठी शेवाळावर चालणाऱ्या ट्रीटमेंटबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच सुरात येते. पहिले पंधरा-वीस दिवस सगळं झकास चालतं, रिपोर्ट बघून मालक खूश असतो, आणि मग एके दिवशी आउटलेटमधलं जस्त किंवा निकेल मर्यादेच्या वर जातं. दुसऱ्या दिवशी खाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. कोणीतरी निकाल देऊन टाकतं, "शेवाळ थकलं." जुनं उपसतात, नवं विरजण लावतात, पुन्हा पंधरा दिवस बरे जातात, आणि गाडी परत तिथेच येऊन अडते.

जस्त प्लेटिंगच्या एका ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर, मी हे चक्र तीन वेळा फिरलो. चौथ्या वेळी शेवाळाला हात न लावता आधी पाणी तपासलं, तेव्हा कळलं की आधीच्या तिन्ही वेळा धडधाकट शेवाळाला आपण उगाच घरचा रस्ता दाखवला होता. शेवाळ खराब होतच नाही असं नाही. पण संशयितांच्या रांगेत त्याचा नंबर शेवटचा लावा.

आधी हे ठरवा: शेवाळ जिवंत आहे की मेलेलं?

दोन्हींना "शेवाळाची ट्रीटमेंट" असं एकच नाव आहे, पण आतला कारभार वेगळा. सारगॅसम, लॅमिनेरिया, ॲस्कोफिलम अशी तपकिरी समुद्री शेवाळं वाळवून, भरडून कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळकांड्यात, भरतात. ती मेलेलीच असतात आणि त्यानं काही बिघडत नाही. त्यांच्या पेशीभित्तीत अल्जिनेट असतं, सुक्या वजनाच्या साधारण १० ते ४० टक्के. अल्जिनेटवर कार्बॉक्सिल गट रांगेनं असतात. प्रत्येक जागेवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं: कॅल्शियम, सोडियम नाहीतर हायड्रोजन. शिसं किंवा तांबं आलं की तो उठतो आणि हा बसतो. हा निव्वळ आयन-विनिमय आहे. त्याला ऊन लागत नाही, खत लागत नाही, आणि बराचसा व्यवहार पहिल्या काही मिनिटांत उरकून तास-दोन तासांत संपतो.

तळ्यातलं क्लोरेला किंवा सीनडेस्मस हेही पेशीभित्तीवर धातू असाच धरतं. शिवाय थोडा धातू सावकाश आत ओढून घेतं आणि फायटोकेलेटिन नावाच्या छोट्या पेप्टाइडांना बांधून किंवा पॉलिफॉस्फेटच्या कणांत डांबून ठेवतं. याला तासन्तास, कधी दिवस लागतात. जिवंत शेवाळ आणखी एक उद्योग करतं, तो म्हणजे पाण्याचा पीएच बदलणं. सगळ्यात जास्त गोंधळ त्यातूनच होतो. त्याकडे येतोच, पण आधी चाचणी.

तीन बीकर

तीन बीकर आणि एक दुपार एवढ्यावर अर्ध्या शंका मिटतात. पहिल्या बीकरमध्ये प्लांटचं पाणी आणि प्लांटचं शेवाळ. दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये त्याच धातूचं साधं मीठ, जस्त असेल तर झिंक सल्फेट, तेवढ्याच तीव्रतेचं, आणि तेच शेवाळ. तिसऱ्यात फक्त प्लांटचं पाणी, शेवाळ अजिबात नाही. शेवाळाचं प्रमाण लिटरला १ ग्रॅम सुकं वजन धरा. ओलं असेल तर थोडं बाजूला काढून, वाळवून त्यातलं पाणी किती ते आधी मोजा. तिन्हींचा पीएच ५ ते ५.५ वर आणा आणि दोन तास ढवळत ठेवा. मध्ये दोन-तीनदा पीएच बघून तिथेच टिकवा, कारण तो सरकतो. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून धातू मोजा.

दुसऱ्यात धातू उतरला आणि पहिल्यात नाही, तर शेवाळ निर्दोष आहे, पाण्यात काहीतरी आहे. दोन्हींत उतरला नाही, तर दोष खरोखर शेवाळाचा. तिसऱ्यातही उतरला, तर तो शेवाळानं काढलेलाच नाही: साक्याच्या रूपात खाली बसला, नाहीतर भांड्याला चिकटला.

जिवंत शेवाळ वापरत असाल तर चाचणीआधी ते डिस्टिल्ड वॉटरनं दोन-तीनदा धुवा. बीजी-११ किंवा बोल्डच्या पोषक माध्यमावर वाढवलेल्या शेवाळाबरोबर त्या माध्यमातलं ईडीटीए आणि फॉस्फेट बीकरमध्ये येतं आणि धातू आधीच अडकवून ठेवतं. ही चूक मी स्वतः केली आहे आणि दोन दिवस शेवाळाला शिव्या घातल्या आहेत.

सकाळी नापास, दुपारी पास

आमचं तळं उथळ होतं, जेमतेम ३० सेंटिमीटर खोल, पाणी फिरतं ठेवायला पॅडलव्हील. नमुना नेणारा माणूस कधी सकाळी सातला यायचा, कधी दुपारी तीनला. बाटलीवर तारीख असायची, वेळ नसायची. रिपोर्ट मात्र वर-खाली नाचायचे.

एके दिवशी पीएच मीटर घेऊन तळ्याच्या काठावर ठाण मांडलं आणि दर दोन तासांनी आकडा लिहिला. सूर्योदयाला पीएच सातच्या जरासा वर. दहा वाजता आठच्या पुढे. दुपारी तीनला साडेनऊच्या आसपास. संध्याकाळनंतर उतरायला लागला आणि पहाटेपर्यंत मूळपदावर. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खातं, म्हणून पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ नुसता श्वासोच्छ्वास करतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि पीएच उतरतो.

आता जस्ताकडे बघा. साडेनऊला ते हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटच्या रूपात साकळतं. दुपारचं पाणी गाळलं तेव्हा फिल्टर पेपरवर हिरव्या थराबरोबर पांढरट भुकटी दिसली होती. त्या वेळी ती क्षारांची समजून दुर्लक्ष केलं. पहाटे पीएच सातवर आला की तळाशी बसलेलं तेच जस्त पुन्हा विरघळतं. म्हणजे दुपारच्या पास रिपोर्टचं श्रेय आम्ही शेवाळाच्या पेशीभित्तीला देत होतो आणि काम करत होता वाढलेला पीएच. कॉस्टिक सोड्यानं जे झालं असतं, तेच ऊन फुकटात करत होतं, आणि रात्र त्यावर बोळा फिरवत होती.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे तिसऱ्या बीकरवरून कळेल. शेवाळ नसलेलं पाणी कॉस्टिकनं दुपारच्या पीएचवर न्या, अर्धा तास थांबा, गाळून मोजा. धातू तळ्याइतकाच उतरला तर उत्तर मिळालं.

उपाय दोन आहेत. एक, दिवसा कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसात-आठवर धरणं. मग आकडा दिवसभर सारखा राहतो, पण निव्वळ शेवाळ किती काढतं तेवढंच उरतं आणि बऱ्याचदा तो आकडा निराश करतो. दोन, या साकळण्याचाच फायदा घेणं. आम्ही दुसरा मार्ग धरला. तळ्यातून पाणी फक्त अकरा ते पाच या वेळेत बाहेर पडेल असा व्हॉल्व्ह बसवला, ते वेगळ्या टाकीत निवळू दिलं आणि साका रात्र होण्याआधी तळातून काढला. निवळ मात्र थेट सोडता येत नाही, कारण पीएचलाही मर्यादा असते. ॲसिडचा डोस द्यायचा तो साका वेगळा झाल्यावर. आधी दिलात तर जस्त पुन्हा पाण्यात. ढगाळ दिवसात पीएच चढतच नाही, तेव्हा घड्याळावर नाही, मीटरवर विसंबून व्हॉल्व्ह उघडा.

आणि बाटलीवर वेळ लिहा. शक्य असेल तर चोवीस तासांचा एकत्रित नमुना घ्या.

नमुन्याच्या बाटलीतला घोटाळा

धातू तपासायचा नमुना नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली ठेवतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो. पद्धत बरोबर आहे. पण बाटलीत शेवाळाचे कण असतील आणि ॲसिड आधी घातलं, तर शेवाळानं धरलेला सगळा धातू त्या ॲसिडमध्ये सुटतो. शेवाळ धुऊन धातू परत मिळवायला आपण ॲसिडच तर वापरतो. मग प्रयोगशाळेत कितीही बारीक गाळा, विरघळलेला धातू भरमसाठ दिसणारच.

हे डोळ्यांनी ओळखता येतं. फिकट हिरव्या नमुन्यात ॲसिडचे थेंब पडले की हिरवा रंग मावळून मळकट तपकिरी होतो, कारण हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो. बाटली तपकिरी दिसली तर तो नमुना विरघळलेल्या धातूसाठी बाद. आधी गाळायचं, मग ॲसिड, हा क्रम नमुना घेणाऱ्याच्या हाती कागदावर लिहून द्या.

उलटी अडचणही येते. विरघळलेला धातू मस्त कमी, पण एकूण धातूचा रिपोर्ट नापास. अशा वेळी शेवाळानं आपलं काम केलंय, तुम्ही शेवाळ काढलेलं नाही. क्लोरेलाची पेशी २ ते १० मायक्रॉनची, तिच्यावर ऋण भार, एकमेकींना ढकलत त्या तरंगत राहतात. साध्या सेटलिंग टाकीत त्या बसायच्या नाहीत. फेरिक क्लोराइड किंवा कायटोसानचा डोस देऊन गुठळ्या करा, मग निवळू द्या किंवा हवेच्या बुडबुड्यांनी वर आणून काढा. डोस जार टेस्टनं, म्हणजे बरण्यांत वेगवेगळे डोस घालून बघून, ठरवा, दुसऱ्याच्या प्लांटचा आकडा उचलू नका.

पीएच बरोबर, शेवाळ ताजं, तरी धातू निघत नाही

हा खरा डोकेदुखीचा प्रकार, आणि आमच्या पंधरा दिवसांच्या चक्राचा उलगडा इथेच झाला.

दुसऱ्या बीकरमधलं जस्त छान उतरलं होतं, पहिल्यातलं जवळपास होतं तिथेच. म्हणजे पाण्यात काहीतरी जस्ताला धरून बसलं होतं. प्लेटिंगच्या कामात असे धरून ठेवणारे पुष्कळ: ईडीटीए, सायट्रेट, टार्टरेट, ग्लुकोनेट, अमोनिया, सायनाइड. प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात ते मुद्दाम घातलेले असतात, धातू विरघळलेला राहावा म्हणूनच. ईडीटीएनं मिठी मारलेला तांब्याचा आयन ऋण भाराचा होतो. शेवाळाच्या भिंतीवरही ऋण भार. दोघांचं जमणार कसं? अशा पाण्यात शेवाळ दुप्पट घातलंत काय आणि चौपट घातलंत काय, फरक शून्य. चुन्यानंही तो धातू नीट खाली बसत नाही.

मग शॉप फ्लोअरवर जाऊन विचारलं की कोणती टाकी कधी रिकामी होते. उत्तर असं की अल्कली डीग्रीझरची, म्हणजे मालावरचं तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाची, टाकी दर पंधरा दिवसांनी सांडपाण्याच्या खड्ड्यात सोडली जाते. डब्यावरच्या माहितीत ग्लुकोनेट लिहिलेलं होतंच, वाचलं कोणी नव्हतं. खात्रीसाठी दुसरा बीकर पुन्हा लावला आणि त्यात डीग्रीझरचं वापरलेलं द्रावण १० मिलिलिटर टाकलं. पीएच परत साडेपाचवर आणला, दोन तास ढवळलं, गाळलं. निम्म्याहून जास्त जस्त तसंच पाण्यात.

टाकी सुटली की दोन-तीन दिवस आउटलेट बिघडायचं. आम्ही घाबरून शेवाळ बदलायचो, बदलाबदलीत तीन-चार दिवस जायचे, तोवर डीग्रीझर वाहून गेलेला असायचा. नवं शेवाळ आल्या आल्या रिपोर्ट सुधारायचे आणि वाटायचं, बघा, जुनं खरंच थकलं होतं.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज रसायनाचा नाही, पाइपाचा आहे. धरून ठेवणारं द्रव्य असलेलं पाणी रिन्सच्या, म्हणजे माल खळबळण्याच्या, पाण्यात मिसळूच देऊ नका, वेगळ्या टाकीत घ्या. तिथे पाण्याप्रमाणे इलाज करा. ईडीटीएला बांधलेलं तांबं असेल तर आम्लधर्मी पाण्यात फेरिक लोह घालून तांब्याला सोडवता येतं, कारण फेरिक लोह ईडीटीएला जास्त घट्ट धरतं. सल्फाइड किंवा डायथायोकार्बामेटनं धातू थेट साकळवता येतो. सायनाइड असेल तर पीएच १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटनं आधी त्याचा निकाल लावायचा. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड कधीही, चुकूनही पडता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागच्या जागी जातो. सायनाइडची शक्यता असलेल्या पाण्यावर वरची बीकरची चाचणीसुद्धा करायची नाही, कारण तिच्यात आपण पीएच ५ वर आणतो.

पाण्यात दुसरे प्रतिस्पर्धीही असतात. फार जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच जागांसाठी रांगेत उभे राहतात. शिसं आणि तांबं त्यांना रेटून पुढे जातात, निकेल आणि जस्ताला ते जमत नाही. म्हणून चुन्यानं आधी ट्रीट केलेलं, कॅल्शियमनं भरलेलं पाणी निकेलसाठी शेवाळावर आणलंत तर अपेक्षा बेतानं ठेवा.

पीएचची दुसरी बाजू

आम्लाकडे गेलात तर काय होतं, ते सोपं आहे. अल्जिनेटच्या कार्बॉक्सिल गटांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या गटांवर हायड्रोजन असतो तो आकडा, ३.४ ते ३.७ च्या दरम्यान. पीएच ३ च्या खाली बहुतेक जागांवर हायड्रोजन बसतो आणि धातूला जागाच उरत नाही. म्हणून तांबं, शिसं, कॅडमियम, निकेल, जस्त यांच्यासाठी ४ ते ६ हा पट्टा.

पण कॉलमवाल्यांना यात एक चकवा आहे. शेवाळ ॲसिडनं धुऊन भरलं असेल तर त्याच्या सगळ्या जागांवर हायड्रोजन असतो. वरून ५.५ चं पाणी सोडलं की धातू बसतो, हायड्रोजन सुटतो, आणि कॉलमच्या खालच्या भागात पीएच ३ वर येतो. तिथलं शेवाळ मग बेकार बसून राहतं. इनलेटचा पीएच बघणारा म्हणतो सगळं ठीक आहे. आउटलेटचाही बघा. ॲसिडच्या धुण्यानंतर कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण फिरवून जागा कॅल्शियमनं भरून घेतल्या की हा त्रास जातो.

आत जातं त्यापेक्षा बाहेर जास्त येतं

पहिल्यांदा हा रिपोर्ट बघितला की प्रयोगशाळेवर संशय येतो. इनलेटला जस्त लिटरला १० मिलिग्रॅम, आउटलेटला १४. प्रयोगशाळा बरोबर असू शकते. पाण्यात दोन-तीन धातू एकत्र असले की सुरुवातीला सगळेच बसतात. जागा भरत आल्या की घट्ट बसणारे, म्हणजे शिसं आणि तांबं, मागून येऊन जस्ताला आणि निकेलला उठवतात. उठलेलं जस्त आणि नव्यानं आलेलं जस्त, दोन्ही मिळून बाहेर पडतात. कॉलम कधी थांबवायचा हे सगळ्यात सैल बसणाऱ्या धातूवर ठरवा, तांब्याचा रिपोर्ट बघून नाही. दोन कॉलम एकामागे एक लावले तर पहिल्याचं जस्त दुसरा धरतो, आणि पहिला पुरता भरेपर्यंत चालवता येतो.

क्रोमियमचं गणितच उलटं

सहा संयुजेचा क्रोमियम पाण्यात धन आयन म्हणून नसतोच, तो क्रोमेटच्या रूपात, ऋण भाराचा असतो. म्हणून त्याला पीएच ५ चालत नाही, २ च्या आसपास लागतो. शिवाय तो नुसता चिकटून राहत नाही. शेवाळातले सेंद्रिय घटक त्याचं तीन संयुजेत रूपांतर करतात, आणि तो तीनवाला बराचसा त्या आम्लधर्मी पाण्यात तसाच राहतो.

आता गंमत अशी की डायफेनिलकार्बाझाइडची जांभळ्या रंगाची चाचणी फक्त सहावाला मोजते. रंग आला नाही की लोक टाळ्या वाजवतात. एकूण क्रोमियम एएएस किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रांवर लावला की तो जवळपास तेवढाच निघतो. हे अपयश नाही, अर्धं काम झालंय. पीएच वर नेऊन तीनवाला हायड्रॉक्साइड म्हणून काढा किंवा ४-५ च्या पीएचवर दुसऱ्या शेवाळाच्या कॉलमवर घ्या. आर्सेनिकही पाण्यात धन आयन म्हणून नसतो. त्याच्यासाठी तपकिरी शेवाळाची साधी पूड घेऊन बसू नका.

कॉलम तुंबतो, पाणी पिवळट आणि बुळबुळीत येतं

तपकिरी शेवाळ कच्चं भरलं की अल्जिनेट आणि रंगद्रव्यं पाण्यात उतरतात, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) चढतो, आणि फुगलेलं शेवाळ एकमेकांत दाबलं जाऊन चिखल होतो. पाणी मग मधूनच एखादी वाट पकडून निघून जातं, बाकीच्या शेवाळाला शिवतही नाही. जाड रव्याएवढे, अर्धा ते एक मिलिमीटरचे कण चाळून घ्या, बारीक भुकटी टाकून द्या. भरण्याआधी कॅल्शियम क्लोराइडमध्ये मुरवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पाणी खालून वर सोडलं तर हवेचे बुडबुडेही अडकत नाहीत. फॉर्माल्डिहाइडनं शेवाळ कडक करण्याची पद्धतही आहे, पण नंतर तेच फॉर्माल्डिहाइड आउटलेटमध्ये शोधत बसावं लागतं, म्हणून मला ती आवडत नाही.

क्लोरेलासारख्या सुट्या पेशी तर कॉलममध्ये भरूच नयेत. अमेरिकेत 'अल्गासॉर्ब' नावानं जो माल आला होता त्यात शेवाळ सिलिका जेलमध्ये अडकवलेलं होतं, ते याचसाठी. घरगुती पर्याय म्हणजे अल्जिनेटचे मणी: २ ते ४ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये शेवाळ कालवून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचं. साबुदाण्यासारखे गोल मणी होतात. पाण्यात फॉस्फेट, सायट्रेट किंवा ईडीटीए असेल तर ते मण्यातला कॅल्शियम ओढून घेतात आणि आठवड्याभरात मण्यांची पेज होते. आणि हो, रिकामे मणीही धातू धरतात. शेवाळ नसलेल्या मण्यांशी तुलना केल्याशिवाय क्लोरेलाचं कौतुक करू नका.

कॉलम काळा पडून सडक्या अंड्याचा वास आला तर तो काही दिवस बंद होता आणि आत शेवाळ कुजायला लागलंय. बंद ठेवायचाच असेल तर रिकामा करून शेवाळ वाळवा.

शोधनिबंधातला आकडा आपल्याकडे का येत नाही

शेवाळ विकणारा सांगतो "ग्रॅमला १०० मिलिग्रॅम." खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. मॅकगिल विद्यापीठातल्या बोहुमिल वोलेस्की यांच्या गटानं १९९३ मध्ये ॲस्कोफिलम नोडोसमवर कॅडमियमचा असा आकडा नोंदवला: ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या वर. पण तो पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅडमियम शिल्लक असतानाचा. तुम्हाला तर शिल्लक एकाच्याही खाली हवंय.

पाण्यात किती धातू शिल्लक असताना शेवाळ किती धरतं हे सांगणारं लँगम्युरचं समीकरण घेऊन एक हिशोब मांडतो, आकडे समजण्यापुरते. कमाल क्षमता ग्रॅमला ५० मिलिग्रॅम, समीकरणातला स्थिरांक बी ०.०५ लिटर प्रति मिलिग्रॅम. रोजचं पाणी १०,००० लिटर, त्यात तांबं लिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे रोज २०० ग्रॅम. एकाच टाकीत शेवाळ ढवळून शिल्लक ०.५ वर आणायचं असेल तर त्या ०.५ ला शेवाळ ग्रॅमला फक्त १.२ मिलिग्रॅम धरतं. म्हणजे रोज सुमारे १६० किलो शेवाळ. तेच कॉलममध्ये भरलं तर वरचा थर २० मिलिग्रॅमच्या पाण्याशी समतोल साधतो, तिथे ग्रॅमला २५ बसतात, आणि रोजचा खर्च ८ किलोंच्या आसपास येतो. व्यवहारात कॉलम पूर्ण भरण्याआधी थांबवावा लागतो, तेव्हा थोडं जास्त धरा. पण १६० आणि ८ यातला फरक बघितल्यावर टाकीत पूड टाकून ढवळणाऱ्यांचं शेवाळ "लवकर संपतं" ते का, हे वेगळं सांगायला नको.

याच कारणानं दाट पाणी थेट शेवाळावर आणू नका. लिटरला शेकडो मिलिग्रॅम असेल तर आधी चुन्यानं किंवा कॉस्टिकनं जड भाग खाली बसवा, उरलेल्या शेवटच्या काही मिलिग्रॅमसाठी शेवाळ. तळ्यातल्या जिवंत शेवाळाला तर दाट पाणी मारूनच टाकतं. मोरचूद घालून तळ्यातलं शेवाळ मारतात, ते तांबंच असतं.

धुऊन परत वापरताना, आणि शेवटी

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडनं बहुतेक धातू सुटतात. शिसं धरलेल्या शेवाळाला सल्फ्युरिक ॲसिड लावू नका. लेड सल्फेटचा पांढरा साका शेवाळाच्या आतच बसतो आणि पुढच्या फेरीत क्षमता कोसळते. तिथे नायट्रिक वापरा. सोडा ॲश किंवा कॉस्टिकनं तपकिरी शेवाळ धुवायला गेलात तर अल्जिनेटच विरघळून जातं. प्रत्येक फेरीनंतर सुकं वजन नोंदवत चला. वजन घटत असेल तर क्षमता घटण्याचं कारण समोरच आहे, आणि अशा वेळी शेवाळ बदलणं योग्यच.

बाद झालेलं शेवाळ हिरवं दिसतं म्हणून कोणी खतात घालायला किंवा गुरांपुढे टाकायला मागेल. देऊ नका. त्यात पाण्यातला सगळा धातू गोळा झालेला आहे, तो घातक कचरा म्हणूनच जायला हवा. आवारात जाळायचंही नाही, कारण पारा आणि कॅडमियम धुराबरोबर उडतात. पाठवायला जमेल तोवर वाळवून, झाकणाच्या पिंपात, कोणता धातू आणि कोणत्या तारखेचं ते लिहून ठेवा.